५२ पिल्लांतली ४१ गेली कुठे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगतो. घरी १४ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. चार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. गेल्या वर्षभरात पाच कोंबड्या अंड्यांवर बसवल्या, ५२ पिल्लं निघाली, त्यातली ११ मोठी झाली. चैत्रात मानमोडीची साथ आली आणि नऊ कोंबड्या गेल्या. आता बचत गटातून २० हजारांचं कर्ज मिळतं आहे. धाकटे दीर म्हणतात, "वयनी, शंभर पिलं एकदमच घेऊन टाकू, गाडी त आपल्या दारापुढूनच जाते." ताईंना कळप शंभरावर न्यायचा आहे. त्या विचारतात, कर्ज घेऊ का, पिल्लं कोणती आणू, आणि कोंबड्यांवरून शेजारणीशी रोजची कुरबुर चालते, तिचं काय करू? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "काळी कोंबडी कालपासून खुडूक झाली आहे. तिला बसवू का उठवू?" (खुडूक म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसू पाहणारी.)

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि मी एकाच आकड्याखाली रेघ ओढली. ५२ निघाली, ११ जगली. म्हणजे ४१ पिल्लं तुमच्याच अंगणात जन्मली आणि तुमच्याच अंगणात संपली. तुम्ही विकत आणायला निघालात तो कळप तुमच्या घरी येऊन गेलेला आहे. त्या ४१ मधली ३५ जरी वाचली असती, तरी निम्मे कोंबडे धरून १७ तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, हाती लागल्या असत्या, आणि आज तुमच्याकडे एक रुपयाही कर्ज न काढता तीसच्या वर माद्या असत्या. म्हणून या वर्षी पिल्लं विकत आणू नका. या वर्षी फक्त मर थांबवायची. जिथं पाचातलं एकच पिल्लू जगतं, तिथं शंभर आणली काय नि दोनशे आणली काय, कावळ्याचं आणि मुंगसाचंच पोट भरणार.

ती ४१ कुठं गेली, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी तीस वर्षं गावोगाव हिंडलो आहे, त्यामुळे बरंचसं सांगू शकतो. पहिल्या महिन्यातच बहुतेक जातात. कोंबडी पिल्लांना घेऊन पहाटेच उकिरड्यावर निघते, दवानं ओल्या झालेल्या गवतातून पिल्लं तिच्यामागं पळतात, पोटाखालून भिजतात आणि गारठतात. एखाददुसरं मागं राहतं, ते कावळा उचलतो. दुपारी घार येते. मांजर आणि मुंगूस संध्याकाळी. मोरीच्या डबक्यात बुडून मेलेलीही मी पाहिली आहेत. रोज एक, कधी दोन. एकदम मेली असती तर घरात हळहळ झाली असती, अशी एकेक गेलेली कुणी मोजत नाही.

उपाय तुमच्या घरात पडलेला असेल: डालगं, कोंबड्या झाकायची विणलेली टोपली. पहिले तीन आठवडे कोंबडी आणि पिल्लं डालग्याखाली किंवा बांबूच्या ताटव्यांनी बंद केलेल्या कोपऱ्यात ठेवायची. डालगं मोठं करून घ्या, साडेतीन-चार फूट व्यासाचं, म्हणजे आईला पंख पसरता येतात. दवं उडाल्यावर, उन्हं चांगली आली की तासभर डालगं उचलायचं, तुम्ही किंवा सासूबाई तिथंच तूर निवडत बसायचं आणि पुन्हा झाकायचं. पाणी उथळ ताटलीत, मधे दोन-तीन गोटे टाकून, म्हणजे पिल्लू बुडत नाही. खायला चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, मिळालं तर उत्तमच. पहिल्या महिन्यात एका गावरान पिल्लाला साधारण अर्धा किलो लागतं, चाळीस पिल्लांना वीस किलो. कर्जातून पहिला खर्च करायचा तर हा करा. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लं जगतात पण भरत नाहीत, कारण कणीत प्रथिनं फार थोडी, आणि पिल्लाला वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात.

प्रथिनांचा फुकटचा उपाय म्हणजे वाळवी. एका फुटक्या मडक्यात ओलं कुटार (भुसा), थोडं शेण आणि फाटक्या बारदानाचा तुकडा कोंबायचा, पाणी शिंपडायचं आणि वाळवी लागलेल्या जागी संध्याकाळी मडकं उपडं करून ठेवायचं. सकाळी उचलून पिल्लांपुढं झटकायचं. पिल्लं त्या पांढऱ्या किड्यांवर अशी तुटून पडतात की पाहत राहावं.

आता कोंबड्या बसवण्याबद्दल. तुम्ही वर्षात पाच बसवल्या, पण एकेक करून. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी देते, खुडूक होते, २१ दिवस उबवते आणि पुढं दोन-अडीच महिने पिल्लांमागं फिरते, म्हणून वर्षाकाठी तिची अंडी साठ-सत्तरच्या वर सहसा जात नाहीत. यात एक युक्ती चालते. दोन-तीन कोंबड्या एकाच दिवशी बसवा. पहिली खुडूक झाली की तिच्याखाली एक-दोन साधी अंडी ठेवून तिला चार दिवस थोपवून धरायचं, दुसरी आली की दोघींखाली एकदम चांगली अंडी मांडायची. पिल्लं निघाली की रात्रीच्या अंधारात सगळी मिळून एकीखाली सरकवायची. एक कोंबडी पंधरा-अठरा पिल्लं सांभाळते. हे रात्रीच करायचं, दिवसा परकं पिल्लू दिसलं तर ती चोच मारते. मोकळी झालेली दुसरी महिनाभरात पुन्हा अंड्यांवर येते.

जिला बसवायचंच नाही तिच्या नाकात पीस खुपसणं, तिला पाण्यात बुचकळणं हे प्रकार आपल्याकडं अजून चालतात. ते बंद करा, ताई. जाळीच्या किंवा फटी असलेल्या टोपल्यात, जमिनीपासून उंच, खालून वारा लागेल असं तीन-चार दिवस तिला ठेवा. गवत नको, अंडी नकोत, दाणापाणी मात्र पूर्ण. पोटाला गारवा लागला की खुडूकपण आपोआप उतरतं.

सगळ्यात जास्त मला मानमोडीबद्दल लिहायचं आहे, कारण बाकी सगळं नीट केलं आणि हे राहिलं तर एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. हाच राणीखेत रोग. उत्तराखंडातल्या राणीखेतला १९२७ साली आपल्या देशात तो ओळखला गेला, म्हणून ते नाव. कोंबडी पंख टाकून बसते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट पांढरी पातळ हगवण लागते, आणि ज्या जगतात त्यांची मान पिळवटते. विषाणूचा रोग असल्यानं यावर औषध नाही. हळद, लसूण, दवाखान्यातली लाल-पिवळी पूड, कशानंही तो थांबत नाही. लस आहे आणि ती चांगली आहे.

मग गावात कोंबड्या दरवर्षी मरतात कशाला? माझ्या पाहण्यात याचं एक कारण लसीची बाटली आहे. बाटली शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठी असते. एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. चौदा कोंबड्यांसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून दवाखान्यातले म्हणतात, पुढच्या वेळी या. पुढची वेळ येत नाही.

हे काम तुमच्या बचत गटाचं आहे. दहा बायका, प्रत्येकीच्या आठ-दहा कोंबड्या, झाल्या शंभर. एक सकाळ ठरवा. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवायच्या, सोडायच्या नाहीत. पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवडाभर आधी सांगून ठेवा. तुमच्या भागात 'उमेद' या बचत गटांच्या सरकारी अभियानाची पशुसखी असेल तर तिला घ्या, तिला या कामाचं शिक्षण दिलेलं असतं. बाटली बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणायची. दोन महिन्यांवरच्या कोंबड्यांना आर-टू-बी ही मानमोडीची लस, पंखाखाली कातडीत अर्धा मिली. हा वाण उत्तराखंडातल्याच मुक्तेश्वरचा. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी त्याच रोगाची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब, आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा. ती पिल्लं दोन महिन्यांची झाली की त्यांनाही आर-टू-बी. देवीची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात घ्या, पावसाळ्यात डासांमुळं देवी फार पसरते. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला लस टोचू नका. आठ दिवस आधी जंताचं औषध झालेलं असलं तर लस अंगी चांगली लागते. ते कोणतं आणि किती, हे डॉक्टरच सांगतील. मोठ्या कोंबड्यांची ही लस थंडी संपता संपता, होळीच्या आधी पुन्हा घ्या. चैत्रात तुमच्या नऊ गेल्या, त्या या एका सकाळीनं वाचल्या असत्या.

शेजारणीला यात पहिली घ्या. तिच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्या घरी नव्यानं निघणारी पिल्लं धोक्यात राहणारच, कुंपण कितीही घातलं तरी.

दुसरी गोष्ट, बाजार. मी नोकरीत असतानाची, माझ्याच घरची हकिकत आहे. आठवडी बाजारातून मी संध्याकाळी एक तांबडी कोंबडी घेतली. फार देखणी होती, तुरा लालबुंद. घरी आणून सरळ आमच्या कोंबड्यांत सोडली. चौथ्या दिवशी ती कोपऱ्यात पंख टाकून बसली. बारा दिवसांत २६ पैकी २२ गेल्या. गावोगाव लोकांना सांगत फिरणारा माणूस मी, आणि माझ्या आईनं एका सकाळी सात मेलेल्या कोंबड्या टोपल्यात भरून माझ्यापुढं ठेवल्या. ती काही बोलली नाही. तेव्हापासून बाहेरून आलेली कोणतीही कोंबडी, पाहुण्यांनी दिलेली असो की बाजारात न विकता परत आणलेली आपलीच असो, मी तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो. तिचं भांडं वेगळं, आणि तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा नाल्यात फेकू नका. हातभर खोल खड्डा, वर चुना, वर माती. आणि कधी एका दिवसात पटापट मरायला लागल्या, डोकं सुजलं, तुरा निळा पडला, तर न शिवता आधी दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू आपल्यापासून लांब नाही. नागपूरजवळच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच रोगानं गेले.

खुराड्याचं लवकर सांगतो. तीस पक्ष्यांना रात्री बसायला साठ चौरस फूट पुरतं, म्हणजे दहा बाय सहा. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन सरळ आत येत नाही. खालचे दोन फूट विटा-मातीची भिंत, वर अर्ध्या इंचाची जाळी. जाळी मोठ्या भोकांची घेतली तर मुंगूस नाही तर साप आत येतोच. पाया फूटभर खोल दगडांनी भरा. वर कवेलू असतील तर टिनापेक्षा चांगले. टिन असेल तर उन्हाळ्यात त्यावर पऱ्हाट्यांचा जाड थर टाकायचा. आत बांबूच्या दांड्या, कोंबडी उंचावर बसते तेव्हा निवांत झोपते. जमिनीवर कुटार किंवा तूस, चार दिवसांनी हलवायचा. सकाळी दार उघडलं की आत वाकून, कोंबडीच्या उंचीवर तोंड नेऊन एक श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तूस बदलायची वेळ झाली.

भिंतीच्या फटी मात्र नीट पाहा, आणि रात्री टॉर्च लावून पाहा. मातीच्या खुराड्यात फटीफटीत चपटे गोचीड दडलेले असतात. दिवसा दिसत नाहीत, रात्री बाहेर येऊन रक्त पितात. कोंबडी अंड्यांवरून मधेच उठून गेली, तुरा फिका पडला, विनाकारण वाळत चालली, तर बहुतेक वेळा हेच निघतं. फटी शेणमातीनं बुजवून वर चुन्याचा दाट हात मारायचा, दर दोन-तीन महिन्यांनी. अंगणाच्या एका कोपऱ्यात चुलीची राख आणि बारीक माती एकत्र करून खड्डा भरून ठेवा, कोंबड्या त्यात लोळून अंगावरच्या उवा स्वतःच झाडतात.

दाण्याचं आपल्या भागापुरतं सांगतो, कारण इथल्या तीन वस्तूंनी घात होतो. सरकीची ढेप म्हशीला चांगली, कोंबडीला नको. सरकीतल्या गॉसिपॉलनं अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि कोंबडीची तब्येत बसते. कच्चं सोयाबीन नको. त्यातल्या घटकामुळं प्रथिनं पचत नाहीत. भाजून, भरडून द्या, मग त्यासारखं खाद्य नाही. आणि पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी, बुरशी आलेला मका. माणसाला नको ते कोंबडीला, असं आपण सहज म्हणतो, पण बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खातं. ज्वारी किंवा मक्याचा भरडा, तुरीची चुरी, भाजलेलं सोयाबीन, थोडं मिनरल मिक्श्चर, एवढं मिसळून मोठ्या कोंबडीला दिवसाला तीस-चाळीस ग्रॅम. एक बारीक मूठ समजा. निम्मं सकाळी, निम्मं संध्याकाळी आत घेताना. बाकीचं ती उकिरड्यावर आणि वावरात स्वतः मिळवते. अंडी देणाऱ्यांना शिंपल्याचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफलं वेगळ्या भांड्यात ठेवा.

याच हिशेबात दीरांच्या शंभर पिल्लांचं उत्तर आहे. पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खाते. शंभर कोंबड्यांना दहा किलो, महिन्याला तीन क्विंटल. घराभोवतीच्या जागेत किडे, गवत, सांडलेला दाणा मिळून वीस-पंचवीस कोंबड्यांचं बरंचसं भागतं. त्यापुढच्या प्रत्येक कोंबडीचं पोट तुमच्या खिशातून भरायचं. शंभरावर गेलात की तो परसातला जोडधंदा राहत नाही, ती पोल्ट्री होते, आणि पोल्ट्रीचा हिशेब वेगळा. दोन वर्षांनी तुमचा हात बसला की तेही करा, मी आडवा येणार नाही. आज तुमच्या जागेला तीस माद्या आणि तीन कोंबडे शोभतात.

दारावर येणाऱ्या गाडीतली पिल्लं मात्र घेऊच नका. त्यात बरेचदा अंड्यांच्या फार्मवर नको असलेले नर असतात. कधी गुलाबी-हिरवे रंगवलेले असतात, लस दिलेली असते की नाही कुणी सांगत नाही, आणि आजार निघाला तर गाडी पुन्हा त्या रस्त्यानं येत नाही. सुधारित जाती वाईट नाहीत. हैदराबादच्या संशोधन संचालनालयाची वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळुरूची गिरीराज, या नीट खाऊ घातल्या तर गावरानपेक्षा बरीच जास्त अंडी देतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे पिल्लं दर वेळी विकतच. अंगानं जड असल्यानं घारीपुढं पळायलाही मंद. हौस असेल तर पुढच्या वर्षी आठ-दहा तलंगा घ्या. दोन-अडीच महिन्यांच्या, लस झालेल्या. नागपूरच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडं किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडं चौकशी करा. तलंगांच्या गटाला अनुदान देणारी योजना आहे, अर्ज कधी निघतात ते तिथंच कळेल. त्या तलंगांची अंडी खायला आणि विकायला, आणि बसायला आपली गावरान. सुधारित कोंबडीची अंडी गावरान खुडुकीखाली उत्तम निघतात.

कोंबडा मात्र या वर्षीच बदला. एकच कोंबडा सगळ्या १४ कोंबड्यांना पुरत नाही. आठ-दहा माद्यांमागं एक लागतो. आणि तो तुमच्याच घरात जन्मलेला असेल तर आईलेकीच त्याच्याखाली येतात. अंडी भरत नाहीत, पिल्लं किरटी निघतात. दोन-तीन गावं सोडून, ज्याच्या घरी मानमोडी झालेली नाही अशा ओळखीच्या माणसाकडून दोन उमदे कोंबडे आणा. तीन आठवडे वेगळे ठेवायचं विसरू नका.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा बसवलेली अंडी आतून खराब होतात, म्हणून एप्रिलच्या मध्यापासून पावसाला लागेपर्यंत कोंबडी बसवू नका. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दाणा पहाटे आणि सूर्य मावळल्यावर, दुपारी फक्त पाणी. मातीच्या भांड्यात, कडुलिंबाच्या सावलीत, तीनदा बदलून. जाळीवर ओली बारदानं टाका.

विक्रीचा मेळ महिन्यांशी घाला. आखाडात आणि पोळ्याच्या करीला गावरान कोंबड्याला म्हणेल तो भाव मिळतो. श्रावणात आणि नवरात्रात कुणी विचारत नाही. कोंबडा दीड किलोच्या जवळ यायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे पौष-माघात पिल्लं निघाली पाहिजेत. धुळवडीसाठीची भादव्यात-अश्विनात निघालेली असावीत. तुम्ही बहुतेक घरात पैशाची अडचण आली की कोंबडा विकता, आणि अडचण नेमकी श्रावणात येते, पेरणी-निंदणात सगळं संपलेलं असतं तेव्हा. चार कोंबडे आखाडात विकून ते पैसे गटात टाकून ठेवा.

कर्ज घ्या, पण वीस नको. जाळी, दगड-माती, दोन मोठी डालगी, पिल्लांचं खाद्य आणि लसीचा थर्मास, एवढ्याचा हिशेब बाजारात विचारून मांडा आणि तेवढंच उचला.

शेजारणीच्या कुरबुरीत मी तिच्या बाजूचा आहे. सांदवाडीत तिनं लावलेली मेथी तुमच्या कोंबड्या उकरतात, तिनं का सोसावं? पऱ्हाट्यांचं दाट कुंपण दोन्ही घरांच्या मधे तुम्ही घाला. कोंबड्या सकाळी नऊ-दहापर्यंत आतच ठेवा, बहुतेक अंडी तोवर होऊन जातात आणि तिच्या कुटारात सापडायची थांबतात. फक्त उन्हाळ्यात लवकर सोडाव्या लागतील.

आणि जूनमधला एक धोका दोघींनाही सारखा आहे. सरकीच्या पाकिटातलं बियाणं रंगीत दिसतं, कारण त्याला कीटकनाशक चोळलेलं असतं. डोबणी करताना धुऱ्यावर सांडलेले, पाकिटात उरलेले ते दाणे कोंबडीनं खाल्ले की काही तासांत ती तडफडून मरते आणि लोक समजतात मानमोडी आली. उरलेलं बियाणं घरात टांगून ठेवा. फवारणीचा पंप ज्या ड्रमात धुता त्याचं पाणी अंगणात ओतू नका. युरियाचं रिकामं पोतं खुराड्यात अंथरायचं असेल तर आधी दोनदा धुवा.

आता काळी. बसवा तिला. हेच दिवस चांगले. पत्र मिळेल तोवर दोन-चार दिवस गेले असतील, तेवढ्यात दुसरी एखादी खुडूक झाली तर दोघींना मिळूनच बसवा. तिच्याखाली दहाच अंडी ठेवा. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, गुळगुळीत, न धुतलेली. प्रत्येकावर पेन्सिलनं तारीख लिहा, म्हणजे मागून कुणी घातलेलं अंडं ओळखू येतं. टोपल्यात राख, वर कुटार, त्यात थोडा कडुलिंबाचा पाला. माझी आई त्यात कोळसा आणि खिळाही ठेवायची, विजेनं अंडी बाधू नयेत म्हणून. त्यानं काही होत नाही, पण ठेवलात तरी बिघडत नाही. दिवाळी यातच येते, तेव्हा टोपलं आतल्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. फटाक्याला दचकून ती उठली आणि तासभर बाहेर राहिली तर अंडी गार पडतात. रोज सकाळी तिला उचलून बाहेर काढा, दाणा-पाणी द्या, पंधरा-वीस मिनिटांत ती स्वतः परत जाते.

सातव्या रात्री दिवा मालवा. अंडं बोटांच्या चिमटीत धरून त्याच्या जाड टोकाला टॉर्च लावा. आत एक गडद ठिपका आणि त्याच्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसल्या तर जीव आहे. सगळं पिवळं नितळ दिसलं तर ते भरलेलं नाही, काढून घ्या. आपल्या मुलांना उठवून दाखवा, एकदा पाहिलं की तीच पुढं कोंबड्या राखतात. अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावू नका. एकविसाव्याला निघतील, एखादं बाविसाव्याला.

निघाली की मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. मग दर रविवारी, डालगं झाकण्याआधी, पुन्हा मोजा आणि आकडा लिहा. एखादं कमी भरलं तर त्याच दिवशी शोधा कसं गेलं: भिजून, कावळ्यानं, की हगवणीनं. चौथ्या रविवारी चारही आकडे मला कळवा.